बांदाईचं १/७२ मिलेनियम फाल्कन: घ्या, आणि दिव्यांसकट घ्या

'स्टार वॉर्स' आवडत असेल तर त्यातल्या मिलेनियम फाल्कन या अंतराळ-जहाजाचं, बांदाई या जपानी कंपनीच्या पर्फेक्ट ग्रेड या सर्वात बारकाईच्या मालिकेतलं हे २०१७ सालचं मॉडेल (१/७२, म्हणजे कथेतल्या जहाजाच्या बहात्तराव्या भागाएवढं) एकदा तरी जोडावंच, असं मी मनापासून सांगते. लांबी सुमारे ४८ सेंटिमीटर, म्हणून आधी कपाटातली जागा मोजा. भाग एकमेकांत खटकन बसतात, गोंद लागत नाही. चढायचा उतार उघडतो, तोफा फिरतात.

पण खरी श्रीमंती आहे ती बाहेरच्या अंगावर. १९७७च्या चित्रपटासाठी जहाजाचं मूळ मॉडेल घडवताना रणगाडे-विमानांच्या, बाजारात मिळणाऱ्या जोडणीच्या किटमधले सुटे भाग चिकटवले होते. तो सगळा नळ्या-यंत्रांचा पसारा इथे इतका बारीक उतरलाय की भिंग घेऊन बघत बसावं! त्यावर पातळ काळपट रंग फिरवून पुसून घेतलात की खाचा उठून दिसतात. एवढं तरी कराच.

दिव्यांसाठी एक सल्ला: कवच बंद करण्याआधी आतून काळा रंग द्या, नाहीतर एलईडीचा उजेड प्लास्टिकमधून झिरपू शकतो. वायर कुठे चेपत नाही ना, तेही तेव्हाच बघा.

बिनदिव्यांची आवृत्तीही आहे. पण मागच्या इंजिनांचा निळा पट्टा पेटलेला बघायचा नसेल, तर हे जहाज घ्यायचंच कशाला?