४५ टक्क्यांचे साडेचार टक्के झाले, आणि सही माझीच

२५ टक्क्यांच्या वर शेअर आहेत, स्पेशल रेझोल्यूशन (७५ टक्के मतं लागणारा ठराव) अडवता येतं, म्हणजे आपण सेफ, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी लिहितेय. मीही याच भ्रमात होते.

कंपनी दोघांची, माझी आणि माझ्या पार्टनरची. १० रुपयांचे १०,००० शेअर. त्याचे ५,५००, माझे ४,५००. "कुणातरी एकाचा शब्द शेवटचा हवा, इन्व्हेस्टर विचारतात," म्हणाला. मी मान डोलावली, कॉलेजपासूनची ओळख. शेअरहोल्डर्स ॲग्रीमेंटचा विषय दोनदा काढला, दोन्ही वेळा "अगं, आपल्यात कसले कागद!" तिसऱ्यांदा विचारायची मलाच लाज वाटली. कोड माझा. सर्व्हरची बिलं, दोन डेव्हलपरचे पगार माझ्या खात्यातून, एकूण १४,६०,००० रुपये. त्यातले ३,२०,००० डायरेक्टर लोन म्हणून पुस्तकात आहेत. उरलेले ११,४०,००० कुठेच नाहीत, कारण मी परस्पर भरत गेले. तुम्ही असं करू नका. एक रुपयाही आधी कंपनीच्या खात्यात टाका, मग खर्च करा.

ऑथराइज्ड कॅपिटल, म्हणजे किती रकमेपर्यंत शेअर काढता येतात ती मर्यादा, पहिल्या दिवसापासून १० लाख. "नंतर वाढवायचा खर्च वाचेल." वाचला, त्याचा.

फेब्रुवारीत त्याचा मेसेज आला: "डीएससी टोकन पाठव, सीएला ॲन्युअल फायलिंग करायचंय. पिनपण दे." डीएससी म्हणजे डिजिटल सही, ती या पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. मी पिन चिठ्ठीवर लिहून टोकनलाच सेलोटेपने चिकटवला. फेब्रुवारीत ॲन्युअल फायलिंग! ते फॉर्म आम्ही नोव्हेंबरातच भरले होते, लेट फी नको म्हणून मीच मागे लागले होते. म्हणजे मला माहीत होतं. माहीत असून विचारलं नाही. हे आठवलं की अजून रात्री झोप उडते. नंतर टोकन मागितलं तर "सीएकडेच राहू दे, सगळ्यांचे तिथेच असतात." असतातच की! मला मूर्ख ठरवण्याआधी तुमचं टोकन या क्षणी कुठे आहे ते बघा.

११ महिन्यांनी एका इन्व्हेस्टरने कॅप टेबल (कुणाकडे किती शेअर, तो तक्ता) मागितला, म्हणून मी एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीचे कागद उघडले. पीएएस-३, म्हणजे नवे शेअर वाटल्याचा फॉर्म. राइट्स इश्यू (असलेल्या शेअरहोल्डरांनाच हिश्श्याप्रमाणे नवे शेअर देऊ करणं), ९०,००० नवे शेअर, दर्शनी किमतीलाच. ९,००,००० भरून सगळे त्याने घेतले. एकूण शेअर १,००,०००, माझे तेच ४,५००. राइट्स इश्यूला स्पेशल रेझोल्यूशन लागतच नाही, बोर्डाचा ठराव पुरतो. माझ्या हक्काचे ४०,५०० शेअर ४,०५,००० रुपयांत मी कर्ज काढून घेतले असते. पण ऑफर 'पाठवली' माझ्या कंपनीच्या मेलवर, ज्याचा पासवर्ड त्याच आठवड्यात 'सिक्युरिटीसाठी' बदलला होता. बोर्डावर दोघंच, कोरम (किमान हजेरी) दोघांचा, म्हणून मीटिंगच्या मिनिट्समध्ये मी सकाळी ११ वाजता 'हजर'. तेव्हा मी आमच्याच क्लायंटला डेमो देत होते, रेकॉर्डिंग आहे. आणि फॉर्मवर डिजिटल सही? माझीच.

पोलीस ठाण्यात साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "सिव्हिल मॅटर आहे मॅडम." सायबरवाल्यांनी विचारलं, हॅक झालं का? नाही. मग पिन कुणी दिला? मी. "मग झालं तर." पुन्हा ठाण्यात. तिथे नवे साहेब, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. "पार्टनरशी बसून मिटवा ना." ऑनलाइन तक्रारीला दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर: सभासदांमधला वाद, योग्य मंचाकडे जा. कंपनी कायद्याचं कलम ४४७ वाचलं, फसवणुकीला १० वर्षांपर्यंत कैद, तेव्हा जरा बरं वाटलं. वकील म्हणाले, त्या कलमाची तक्रार तुम्हाला थेट कोर्टात नेता येत नाही, ती सरकारी अधिकाऱ्यानेच करायची. कुठला अधिकारी? जे मला दारातूनच परत पाठवताहेत त्यांच्यातला? उरलं एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण, आणि कलम २४१, सभासदावरच्या अन्यायाविरुद्धचा अर्ज. वकिलांची फी २,५०,०००. ८०,००० देऊन झालेत.

चार वर्षांचं व्हेस्टिंग (शेअर हळूहळू हक्काचे होत जाणं), एक वर्षाचा क्लिफ (पहिलं वर्ष काहीच नाही), हे सगळे सांगतात. जरूर करा, पण मला त्याने वाचवलं नसतं. माझ्या लेखी संमतीशिवाय एकही नवा शेअर निघणार नाही, ही ओळ हवी होती, आणि ती नुसत्या करारात नाही, आर्टिकल्समध्येही (कंपनीच्या नियमावलीत). नोटीस स्वतःच्या खाजगी मेलवरही यायला हवी, तेही लिहून घ्या. दर तीन महिन्यांनी ते १०० रुपये खर्च करा.

सीए आता फोन उचलत नाही. टोकन परवा कुरिअरने परत आलं. माझी चिठ्ठी तशीच चिकटलेली.