ईएसआयचा आजारपण लाभ: नऊ दिवसांचे दुखणे, सात दिवसांचे पैसे

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका चटई कारखान्यात मी अकरा वर्षे काम करतो. राज्य कामगार विमा योजनेसाठी, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ईएसआयसाठी, माझ्या पगारातून दरमहा ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. तरीही तिचा आजारपण लाभ मी पहिल्यांदा घेतला तो गेल्या पावसाळ्यात, टायफॉईड झाला तेव्हा. डॉक्टरांनी नीट तपासले, औषधे दवाखान्यातच मिळाली, आणि सरासरी रोजाच्या ७० टक्क्यांप्रमाणे पैसे थेट बँकेत जमा झाले. वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ही सोय आहे आणि हा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही, म्हणून मोठ्या दुखण्यात तिचा आधार खरा आहे.

मात्र नऊ दिवसांच्या दुखण्याचे पैसे सातच दिवसांचे आले, कारण पहिले दोन दिवस धरले जात नाहीत. आमच्याकडे माणसे तापात कामावर येतात ती नेमकी या दोन दिवसांपायी. साधा ताप दोन-तीन दिवसांचा असतो. तेवढ्यात रोज बुडतो, एका खाड्याने महिन्याचा हजेरी भत्ता जातो, आणि बदली माणूस नसल्याने जोडीदाराला डबल पाळी करावी लागते. हे शेवटचे कारण पैशाहून अधिक बोचते.

मे महिन्यात शेजारच्या यंत्रावरचा माझा जोडीदार डोक्याला ओला रुमाल बांधून, थरथरत्या हातांनी तुटलेली प्लास्टिकची पट्टी ओवत होता. बाहेर खानदेशचे ऊन, आत यंत्रांची धग. मुकादमाने त्याची अवस्था पाहिली आणि "एवढी पाळी काढून घे" म्हणून तो पुढे गेला. दुपारी जोडीदार शेडमध्येच कोसळला.

ठेकेदाराकडच्या कामगारांचे हाल याहून वाईट आहेत, कारण कामात मधेच खंड दिल्याने लाभासाठी लागणारे सहा महिन्यांतले ७८ दिवस भरत नाहीत आणि रोख लाभ मुळीच मिळत नाही. ज्यांना तो लागू आहे त्यांनी डॉक्टरांचा आजारपणाचा दाखला पहिल्याच दिवशी घ्यावा. अंगावर काढलेला ताप कोणत्याच हिशेबात येत नाही.

जोडीदाराने कोसळल्यावर चार दिवसांचा दाखला घेतला. त्याला दोन दिवसांचे पैसे मिळाले, आणि मे महिन्याचा हजेरी भत्ता गेला तो गेलाच.