स्कोअर, रेटिंग की रेकॉर्डिंग: टीममध्ये गडी कशावरून निवडायचा?

टीममध्ये एक जागा रिकामी आहे आणि दोघं यायला तयार आहेत. बहुतेक ग्रुपमध्ये याचा निकाल मागच्या गेमच्या स्कोअरवर लागतो, आणि तिथेच गडबड होते. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या राज्य उभारून लढायच्या कॉम्प्युटर गेमच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये गडी जोखायला तीन गोष्टी हाताशी असतात: गेम संपल्यावर येणारा तक्ता, रँक्ड रेटिंग (ऑनलाइन क्रमवारीच्या गेम्समधून ठरणारा आकडा) आणि गेमचं रेकॉर्डिंग.

आधी तक्ता. मिलिटरी, इकॉनॉमी, टेक्नॉलॉजी, सोसायटी यांचे वेगवेगळे गुण आणि शेवटी बेरीज. दिसायला हिशेब अगदी चोख. पण अरेबियासारख्या मोकळ्या मॅपवर ४ विरुद्ध ४ खेळताना कडेचे दोघं फ्लँक असतात आणि मधले दोघं पॉकेट. फ्लँकवाला फ्यूडल एजपासूनच, म्हणजे गेमच्या दुसऱ्या युगापासूनच, समोरच्याच्या आर्चर्सशी (तिरंदाजांशी) झुंजत असतो. त्याचे व्हिलेजर (माल गोळा करणारे गावकरी) मरतात, पुढचं युग, कॅसल एज, लांबतं. पॉकेटवाला तोवर मागे इकॉनॉमी वाढवतो आणि नाइट्स (घोडेस्वार) घेऊन दमलेल्या शत्रूवर उतरतो. तक्त्यात पॉकेट वर, फ्लँक तळाला. पुढच्या गेमला दोघांच्या जागा बदलून बघा, स्कोअरही बहुधा उलटेल.

किल्सचं तर विचारूच नका. नाइटला ६० फूड आणि ७५ गोल्ड पडतं, स्पिअरमनला (भालेवाल्याला) ३५ फूड आणि २५ वुड. दोन स्पिअरमन गमावून एक नाइट पाडला, तर तक्ता सांगतो: मारला एक, गेले दोन. खरं तर तुमचा खर्च १२०, समोरच्याचा १३५, आणि त्यातलं ७५ गोल्ड, ज्याच्या खाणी पुढे संपणार आहेत. शिवाय समोरची बाजू कोसळली की शेवटच्या काही मिनिटांत पळते व्हिलेजर कापून कुणीही आकडा फुगवतो. ऐनवेळी एक घर टाकून बुजवलेलं खिंडार किंवा नुसत्या धाकानं काम सोडून टाउन सेंटरमध्ये (व्हिलेजर तयार करणाऱ्या मुख्य इमारतीत) शिरलेले दहा व्हिलेजर, यांना मात्र कॉलमच नाही.

ट्रिब्यूटला, म्हणजे जोडीदाराला पाठवलेल्या मालाला, कॉलम आहे, पण त्यात फक्त एकूण रक्कम दिसते. जोडीदार मरायला टेकलेला असताना पाठवलेलं २०० गोल्ड (बाजारात कॉइनेज किंवा बँकिंग हे संशोधन झालेलं नसेल तर वर ३० टक्के शुल्क भरून) आणि गेम हातात आल्यावर उदारपणे वाटलेले हजारो, दोन्ही एकाच रांगेत बसतात.

रेटिंगपुढे सबबी चालत नाहीत. जिंकलात तर वाढतं, हरलात तर उतरतं; किल्स किती, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. पण १ विरुद्ध १ आणि टीम गेम यांची रेटिंग वेगवेगळी असतात. टीमचं रेटिंग तगड्या जोडीदारांच्या जिवावरही चढतं, त्यामुळे मी पहिलंच बघेन. गेम्स मोजकेच झाले असतील तर तेही सोडून द्या. आणि जो फक्त मित्रांच्या लॉबीत, म्हणजे रँक्डबाहेर, खेळतो त्याचं रेटिंग आणणार कुठून?

राहिलं रेकॉर्डिंग. कंटाळवाणं आहे, वेळ खातं, आणि गेमचा अपडेट आला की जुनी फाइल उघडेलच असं नाही. तरी माझं मत त्यालाच. पूर्ण बघायची गरजही नाही, पहिली पंधरा-वीस मिनिटं वेग वाढवून बघितली तरी पुरे. टाउन सेंटरवर नजर ठेवा. एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद लागतात, म्हणजे लढाईच्या नादात टाउन सेंटर पन्नास सेकंद रिकामं राहिलं की दोन व्हिलेजर हुकले. समोर आर्चर्स नाचत असतानाही ज्याची व्हिलेजरची रांग तुटत नाही आणि वुड हजाराच्या घरात साचून पडत नाही, तो गडी घ्या, त्याचा स्कोअर काहीही असो.

दोघांकडून फाइल मागताना हरलेल्या गेमची मागा, तीही फ्लँकवर खेळलेल्या. जिंकलेल्या गेमची तर न मागताही येते.

तक्ता अगदीच टाकाऊ आहे असं नाही. तोच मॅप, तीच जागा, तीच ओपनिंग (सुरुवातीचा डाव) ठेवून स्वतःची फ्यूडल एजची वेळ महिन्याभरापूर्वीच्या वेळेशी ताडायची असेल, तर तो एक आकडा मी डोळे झाकून घेईन. दुसऱ्याशी तुलना करायला मात्र तोही नको: १८ व्हिलेजर झाल्यावर फ्यूडल एजला गेलेला आणि २२ झाल्यावर गेलेला, दोघांचे बेत मुळातच वेगळे असतात.