साक्षीदार फोडल्याचा आरोप आणि ठाणे कोर्टाजवळचे वकील, आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

मेहुण्याचा जामीन वाचला म्हणून चार स्टार, पाचवा का कापला ते खाली येईलच. वकीलसाहेबांचं नाव टाकत नाहीये कारण बार कौन्सिलच्या नियमात वकिलांना जाहिरात चालत नाही आणि त्यांनी स्वतःच सांगितलंय की अनुभव लिहायचा तर लिहा, माझं नाव नको. ऑफिस कोर्ट नाक्याच्या जवळ जुन्या बिल्डिंगीत आहे, लिफ्ट नाही, पाटी एवढीशी.

आधी मॅटर काय ते थोडक्यात. मेहुण्याचं वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनचं छोटं युनिट, पार्टनरशी फिसकटलं, पार्टनरने फसवणूक आणि विश्वासघाताची एफआयआर केली. ठाणे सेशन्समधून जामीन झाला, त्यात नेहमीची अट होती की केसची माहिती असलेल्या कुणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष धमकी, आमिष किंवा वचन द्यायचं नाही. ही अट सगळे सही करतात आणि कुणी वाचत नाही. मग काही महिन्यांनी समोरच्याने अर्ज टाकला की आरोपीने साक्षीदाराला, म्हणजे युनिटच्या जुन्या अकाउंटंटला, व्हॉट्सअ‍ॅपवर फोडायचा प्रयत्न केला, सबब जामीन रद्द करा, आणि वर पोलिसात पण तक्रार.

सुरुवातीला आम्ही दुसऱ्याच एका वकिलाकडे गेलो होतो, ओळखीतून. त्याने पूर्ण ऐकून पण घेतलं नाही, म्हणे काय एवढं, त्या अकाउंटंटलाच बोलवून घेऊ, 'माझी काही तक्रार नाही' असं शंभराच्या नाही तर पाचशेच्या स्टॅम्पवर अ‍ॅफिडेव्हिट करून घेऊ, मिटलं. अरे बाबा, साक्षीदाराला भेटल्याचा आरोप आहे आणि उपाय काय तर साक्षीदाराला भेटा! तिथून उठलो ते थेट इकडे.

इथला अनुभव एकदम उलटा. साहेबांनी पहिली अर्धी मीटिंग केसबद्दल बोललेच नाहीत, फक्त आमची तोंडं बंद केली. फोन बदलायचा नाही, एक पण मेसेज डिलीट करायचा नाही, आपोआप मेसेज गायब होणारी सेटिंग असेल तर आत्ता माझ्यासमोर बंद करा, ब्लॉक पण करू नका. सासूबाई सोबत होत्या, त्या म्हणाल्या त्या अकाउंटंटची बायको कळव्याला राहते, माझ्या चांगली ओळखीची आहे, मी जाऊन बायका बायका बोलून बघते. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "काकू, तुम्ही त्या गल्लीतून भाजी आणायला पण जाऊ नका. अप्रत्यक्ष म्हणजे तुम्हीच." सासूबाई गप्प. माझ्या मते फीचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले, कारण अशा वेळी घरातले सगळे मदत करायला धावतात आणि आरोपीचा पाय अजून खोलात जातो.

आता खरा मुद्दा, जो मला आधी अजिबात माहीत नव्हता. भारतीय न्याय संहितेचं कलम २३२, जुनं आयपीसी १९५ए, यात खोटी साक्ष द्यावी म्हणून एखाद्याला शरीराची, अब्रूची किंवा मालमत्तेची इजा करण्याची धमकी दिली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दंड आहे किंवा दोन्ही. म्हणजे त्यात धमकी लागते, आणि तीही खोटी साक्ष मिळवायच्या हेतूने. नुसतं 'भेट एकदा' हे त्यात बसवणं अवघड. पण म्हणून सुटलो असं नाही, कारण जामिनाची अट त्याच्यापेक्षा खूप रुंद आहे, तिथे नुसतं आमिष किंवा वचन दिलं तरी अट मोडते. साहेबांनी पहिल्याच दिवशी कागदावर मधोमध रेघ मारून दोन भाग केले, पोलिसांची बाजू वेगळी लढायची आणि जामीन रद्दचा अर्ज वेगळा. आणि २३२ दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात, हे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जुन्या १९५ए बद्दल स्पष्ट केलंय, त्यामुळे 'कोर्टाच्या तक्रारीशिवाय काही होत नाही' या जुन्या भरवशावर राहू नका, असंही बजावलं.

मग ते मेसेज. समोरच्यांनी स्क्रीनशॉटची प्रिंट लावली होती, त्यात मेहुण्याचा मेसेज, "पैशाचं करतो, कोर्टाचं टेन्शन घेऊ नको, एकदा भेट." वाचलं तर कुणालाही लाच वाटेल. साहेबांनी प्रिंटच्या वरच्या कडेवर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, याच्या वर काय होतं? फोन उघडला तर वर त्या अकाउंटंटचाच मेसेज, "दादा माझे दोन महिन्यांचे बाकी आहेत, घरी अडचण आहे." म्हणजे तो पगार मागत होता आणि नेमकी तेवढी ओळ प्रिंटमधून कापली होती. आम्ही खुश, पण साहेब खुश नाहीत. म्हणाले पगाराचं कळलं, पण कोर्टाचं टेन्शन घेऊ नको हे कशाला लिहिलं, हे वाक्य नडणार, ते लपवायचं नाही, आपणच आधी सांगायचं.

पूर्ण चॅट कोर्टात द्यायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (मोबाइल-कॉम्प्युटरमधल्या पुराव्यासाठीचं), जुनं ६५बी. आता त्यात भाग अ आणि भाग ब आहे, ब तज्ज्ञाने भरायचा, हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार नाही हे तपासायचा कोड) लिहायची. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणुकीच्या केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टाने हे प्रमाणपत्र सक्तीचं म्हटलं होतं, मूळ फोनच कोर्टात हजर केला तर गोष्ट वेगळी. साहेबांनी दोन्ही तयारी ठेवली. समोरच्याच्या प्रिंटला प्रमाणपत्रच नव्हतं.

मला सगळ्यात आवडलं ते पगाराचं. पैसे खरंच देणं होते. दिले तर साक्षीदाराला पैसे दिले असं होणार, नाही दिले तर गरिबाचे बुडवले. साहेबांनी आमच्या 'से'मध्येच (म्हणजे अर्जाला दिलेल्या लेखी उत्तरात) लिहिलं की ही थकबाकी आहे, हा हिशोब, ही जुनी सॅलरी स्लिप, कोर्ट सांगेल तसं कोर्टात भरायला तयार आहोत. सरकारी वकिलांना त्यावर फार काही बोलता आलं नाही. युक्तिवादात दौलत राम विरुद्ध हरियाणा वाचला, की एकदा दिलेला जामीन काढून घ्यायला ठोस आणि भक्कम कारण लागतं. अर्ज फेटाळला, पण साक्षीदाराशी कसलाही संपर्क नको ही अट अजून कडक करून आणि पोलीस स्टेशनला हजेरी लावून. थकीत पगार कोर्टात भरायला लावला.

त्यांच्याकडची ज्युनिअर मॅडम पण हुशार. तारखेची वाट बघताना तिने अमेरिकेतल्या सॅम बँकमन-फ्राइडची गोष्ट सांगितली, तो क्रिप्टोवाला. २५ कोटी डॉलरच्या बाँडवर बाहेर होता, जानेवारी २०२३ मध्ये कंपनीच्या जुन्या वकिलाला मेसेज केला की परत संपर्कात राहू, मग जुन्या सहकारी बाईचं खासगी लिखाण पत्रकाराला दाखवलं, दोघंही त्याच्या केसमधले संभाव्य साक्षीदार, ऑगस्टमध्ये जज्जने जामीन रद्द करून आत टाकलं. तिकडे फेडरल कायद्यात धाक घालून किंवा वाईट हेतूने वळवून साक्षीदाराला फिरवायचा नुसता प्रयत्न केला तरी वीस वर्षांपर्यंत जाऊ शकतात, केस तेव्हा कोर्टात सुरू असायलाच हवी असंही नाही. मी फक्त खरं बोलायला सांगत होतो असा बचाव आहे तिकडे, पण तो सिद्ध आरोपीने करायचा. मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता पाचवा स्टार. संध्याकाळी सहाची वेळ देतात आणि साडेसातला आत घेतात, बसायला बाहेर एकच बाकडं, पंखा आवाज करतो पण वारा देत नाही. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर केसबद्दल एक अक्षर बोलत नाहीत (ते बरोबरच आहे म्हणा). तज्ज्ञाचा खर्च आधी सांगितला नव्हता तो नंतर अंगावर आला, फीची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. फी स्वस्त नाही, पण आधीच टप्प्याटप्प्याने लिहून देतात आणि 'जिंकलो तर जास्त देऊ' म्हटलं तर सरळ नाही म्हणतात, निकालावर फी ठरवणं वकिलांना चालतच नाही.

गाडी नेऊ नका, कोर्ट नाक्याला पार्किंग मिळणार नाही, स्टेशनवरून शेअर रिक्षा करा नाही तर जांभळी नाक्यातून चालत जा. जामिनाच्या आदेशाची सगळ्या पानांची नक्कल आणि मूळ फोन सोबत न्या, फोन चार्ज करून. पोलिसातल्या तक्रारीची चौकशी अजून चालू आहे, मेहुण्याची पुढची हजेरी सोमवारी.