शेततळ्यातला एरेटर आन् डीओ मीटर: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

अंबडकडं आमचं तीस बाय तीसचं शेततळं आहे, तीन मीटर खोल, खाली पन्नी. केलं होतं मोसंबीसाठी, पण पाणी साठतंच आहे तर मासे का नको म्हणून रोहू, कटला आन् सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडले. त्यासाठी एक एचपीचा सिंगल फेज, दोन चाकी पॅडल व्हील एरेटर (चाकांनी पाणी उडवून त्यात हवा मिसळणारं मशीन) आन् हातातला डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) मागच्या हिवाळ्यात घेतला. आता दिवाळी तोंडावर आलीय, उन्हाळा गेला, पावसाळा गेला, म्हणजे मशीनचं खरं रूप बघून झालंय. बरेच जण विचारायलेत घ्यावं का, म्हणून सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव विचारू नका, इथं मिळणारी बरीच मॉडेलं सारखीच दिसतात, फरक पडतो तो गिअर बॉक्स आन् बोल्टात.

पहिलं माझं मत सांगून टाकतो. पैसे एकाच वस्तूचे असतील तर आधी मीटर घ्या. दुकानदार उलटं सांगल, कारण एरेटर महाग आहे.

कारण असं की, एक लिटर हवेत ऑक्सिजन साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो, तेवढ्याच पाण्यात जेमतेम सात-आठ. तेही पाणी जेवढं तापलं तेवढं कमी, वीस डिग्रीला नऊच्या आसपास मावतो आन् तीसला साडेसात. म्हणजे आपल्या मे महिन्यात मासा आधीच तंगीत जगतो. त्यात शेवाळाचा खेळ. हिरवंगार पाणी बघून आपण खूश होतो, दिवसा ते शेवाळ ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच शेवाळ, मासे आन् तळाचा गाळ सगळे मिळून तो खातात. माझ्याकडं फेब्रुवारीत दुपारी तीनला मीटर १२ च्या वर (लिटरला मिलिग्रॅम, पुढचे आकडेही तेच) दाखवायचा आन् त्याच पाण्यात पहाटे पाचला ३. दुपारी तळ्यावर चक्कर मारून सगळं ठीक आहे म्हणणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. रोहू-कटल्याला ५ च्या वर असलं की चांगलं, ३ च्या खाली गेला की मासा खाद्य सोडतो, वाढ थांबते, रोग लवकर लागतात, आन् १ च्या खाली फार वेळ राहिला की मरतूक सुरू. खाद्याचं बिल वाढलं, वजन वाढेना, म्हणून खाद्याच्या कंपनीला शिव्या घालणारे लई बघितलेत, त्यांच्या तळ्याचं पहाटेचं रीडिंग कोणी घेतलेलंच नसतं.

आता मशीन. एरेटर तळ्यात सोडला, दोन्ही काठांना दोऱ्यांनी ताणून बांधला (दोरी ढिली ठेवली तर फिरत फिरत पन्नीला जाऊन घासतो, हे नीट बघा), चालू केला की पाणी उडायला लागतं आन् एक प्रवाह तयार होतो. वीज तासाला पाऊण-एक युनिट. आवाज आहे, पण शेतात कोणाची झोपमोड होत नाही. वरच्या मीटर-दीड मीटर पाण्यात काम चांगलं करतो, पहाटे ३ वरून ५ वर यायला त्याला वेळ लागतो पण येतो. खालच्या मीटरभरात मात्र फार फरक पडत नाही, ते डीओ मीटरची प्रोब (पाण्यात बुडवायचं टोक) दोरीला बांधून खाली सोडल्यावर कळलं, वर ५ असताना तळाला १ च्या आत. आपली शेततळी खोल असतात, कोळंबीचे तलाव उथळ, आन् हे मशीन मुळात तिकडचं. खोल तळ्याला ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) आन् तळाशी डिफ्युजर पाईप (बारीक बुडबुडे सोडणारा) जास्त बरा पडल असं आता वाटतं.

खरी परीक्षा श्रावणात झाली. तीन दिवस सलग आभाळ, ऊन नाही, म्हणजे शेवाळानं ऑक्सिजन केला नाही, फक्त खाल्ला. त्यात रात्री जोराचा पाऊस, वरचं पाणी गार होऊन खाली बसलं आन् तळाचं बिनऑक्सिजनचं पाणी वर आलं. आन् बरोबर त्याच रात्री एकच्या सुमारास लाईट गेली. पहाटे अण्णांनी हाक मारली, बघतो तर सगळा कटला वर येऊन तोंड उघडझाप करत पाण्याचा वरचा पापुद्रा पितोय, हाताच्या अंतरावर गेलं तरी पळत नाही. मीटर वरती दीड, खाली शून्याजवळ. जनरेटर आणून एरेटर चालू केला तसे मासे त्या धारेकडं ढकलाढकली करत गोळा झाले. तरी मोठाले कटले गेलेच. अण्णा तर कुणीतरी औषध टाकलं म्हणून शेजारच्या बांधावर भांडायला निघाले होते. त्यांना मेलेला मासा दाखवला, तोंड आ वासलेलं, कल्ल्याची झाकणं ताठ उघडी, आन् मेलेत ते सगळे मोठे, बारके पोहतायत. ऑक्सिजन कमी पडला की सहसा मोठे आधी जातात, विषानं बारके आधी. भांडण टळलं, नाहीतर आमच्याकडं बांधावरून दोन पिढ्या बोलणं बंद असतं.

आता लाईटचं. शेतीची थ्री फेज आठ तास, कधी दिवसाची पाळी कधी रात्रीची, म्हणून मी सिंगल फेजचा घेतला. पण रात्री व्होल्टेज एवढं पडतं की मोटर नुसती गुरगुरते. स्टॅबिलायझर लावला तेव्हा जमलं. थ्री फेजचा एरेटर टू फेजवर कंडेन्सर लावून चालवायचा विचार असंल तर करू नका, गावात दोघांच्या मोटरी त्यातच जळाल्या. सोलरवाले म्हणतात आमच्या पंपाला जोडा, आता काय सांगावं, सोलर चालतं दिवसा आन् ऑक्सिजन लागतो रात्री दोन ते सहा, दिवसा तर शेवाळच फुकटात देतंय! बॅटरीसकट घ्यायचं तर खर्च एरेटरच्या वर जातो. मी शेवटी एक जुना पेट्रोल जनरेटर घेऊन ठेवला. बोअरचं पाणी तळ्यात सोडायचा उपाय पण करतात लोक, पण जमिनीतल्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी असतो, ते पाईपनं थेट आत सोडू नका, उंचावरून फवाऱ्यासारखं पडू द्या. ऑक्सिजनच्या गोळ्या-पावडर मिळते ती अडीनडीला ठीक, तासा-दोन तासांचा दिलासा.

मे महिन्यात वेगळीच पंचाईत. मोसंबीला पाणी देत देत तळं सव्वा मीटरवर आलं, मग एरेटरची धार तळाचा गाळ उपसायला लागली, पाणी काळं, नासक्या अंड्याचा वास. मीटर बघितला तर मशीन चालू असताना आकडा उलटा खाली येतोय. गाळ वर आला की तोच ऑक्सिजन ओढतो. लगेच बंद केला, अर्धा माल काढून विकला. झाडं वाचवायची का मासे, हा प्रश्न आपल्याकडं दर उन्हाळ्याला येणारच, त्यामुळं फेब्रुवारीनंतर गर्दी कमी ठेवायची एवढं ठरवलंय.

मीटरबद्दल. प्रोबची पातळ पडदी फाटली की रीडिंग येडंवाकडं येतं, पडदी आन् आतलं लिक्विड जास्तीचं घेऊन ठेवा, इथं जालन्यात पटकन मिळत नाही. प्रोब पाण्यात नुसती धरायची नाही, हळू हलवत राहायची. वापरायच्या आधी हवेत कॅलिब्रेट करायचा, म्हणजे आकडा जुळवून घ्यायचा. शंका आली तर थेंबांचं किट आहे, बाटलीत दोन औषधं टाकली की तपकिरी गाळ आला म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा आला म्हणजे नाही, डोळ्यानं दिसतं, अण्णांचा त्याच्यावरच जास्त विश्वास.

एकानं विचारलं हा मीटर विहिरीत सोडून हवा बघता येते का. नाही भाऊ, हा पाण्याचा आहे. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरताना किंवा आत डिझेल इंजिन लावलं असताना माणूस चक्कर येऊन पडतो, आन् त्याला काढायला गेलेला दुसरा पण पडतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, तो १० च्या खाली गेला की काही मिनिटात शुद्ध जाते, दम लागल्याचं कळायच्या आधीच. इंजिनाचा धूर तर त्याहून वाईट, त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वासच नाही. त्यासाठी गॅसचा वेगळा मीटर येतो, आन् वर दोरी धरून माणूस पाहिजेच.

कुरकुर एवढीच: बोल्ट गंजले, फ्लोटला एक चीर गेली, गिअर बॉक्सचं पहिलं ऑइल लवकर बदला असं मॅन्युअलमध्ये कुठंच नव्हतं, मेकॅनिकनं सांगितलं. सर्व्हिसवाला फोन उचलतो पण येत नाही. एरेटर तीस हजारांच्या आत बसला, मीटर त्याच्या निम्म्यात. पाचातले साडेतीन स्टार एरेटरला, मीटरला साडेचार. तुमच्याकडं मरळ किंवा पंगस असंल तर एवढा खर्च करायची घाई नका करू, ते वर येऊन हवेतनं श्वास घेतात. आभाळ आलं की खाद्य मात्र सगळ्यांनीच बंद ठेवा, पोट भरलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो.