छातीचा एक्स-रे की लो-डोस सीटी?
निपाणी पट्ट्यातल्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ‘एक्स-रे साफ आला’ यावर विसंबू नये. बरगड्यांमागची, हृदयामागची छोटी गाठ त्यात लपते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत एक्स-रेच्या तुलनेत लो-डोस सीटीने (कमी किरणांत छातीची थराथराने चित्रं काढणारी तपासणी) फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. वय 50 ते 80 आणि रोज एक पाकीट असं 20 वर्षं ओढलं असेल, तर दरवर्षी हीच करा.

बेळगावात नाव नोंदवताना ‘लो-डोस, कॉन्ट्रास्टशिवाय’ (म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता) असं ठणकावून सांगा. नेहमीच्या सीटीत सुमारे 7 मिलिसिव्हर्ट किरणं लागतात, हिच्यात दीडच्या आसपास. सीटी काढताना श्वास रोखून धरा; तो सुटला की चित्र हलतं.

खरी डोकेदुखी जुन्या टीबीच्या डागांची. ते गाठीसारखेच दिसतात. जुन्या फिल्म सोबत न्याच. पहिल्याच सीटीत 6 मिलिमीटरपेक्षा लहान घट्ट गाठ दिसली, तर सहसा वर्षाने पुन्हा सीटी. लगेच बायोप्सी नको.