अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी: आप्पांना लागते, नानांना का नको?

"भाऊ, माले बी तीच गोयी दे." यावल तालुक्यात मेडिकल चालवताना हे वाक्य मी सारखं ऐकतो. मागच्या महिन्यात असेच दोन सख्खे भाऊ दुकानात आले. थोरल्या आप्पांना दोन वर्षांपूर्वी अटॅक आला होता, जळगावला नेऊन स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला. धाकटे नाना ६२ वर्षांचे. त्यांना साखर आहे, बीपी जरा जास्त आहे, पण छातीत कधी कळ आलेली नाही. भावाचं झालं तसं आपलं होऊ नये, म्हणून आप्पांची ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन त्यांनाही रोज सुरू करायची होती. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी दिली नाही. नाना नाराज झाले. त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट लिहितो.

आपण हिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो, पण रक्त काही पातळ होत नाही. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी करतात, ते चिकटणं ही गोळी बंद पाडते. एकदा गोळी लागली की ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, कामाची राहत नाही. म्हणून रोजची एवढीशी गोळी पुरते. पण जठराच्या अस्तराला जपणारं रसायनही हिच्यामुळे कमी होतं. त्यामुळे हृदयाची गुठळी अडते त्याच वेळी पोटातला रक्तस्राव सोपा होतो. फायदा पाहिजे आणि तोटा नको, असं या गोळीत जमत नाही. तुमच्या बाबतीत कोणतं पारडं जड, एवढंच बघायचं.

आप्पांचं पारडं स्पष्ट आहे. १९८८ साली 'आयसिस-२' या मोठ्या अभ्यासात १७ हजारांवर अटॅकचे रुग्ण होते. महिनाभर अ‍ॅस्पिरिन दिल्यावर पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. अटॅक किंवा गुठळीचा पक्षाघात होऊन गेलेल्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पुन्हा मोठा झटका येण्याचं प्रमाण वर्षाला ८.२ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर आलेलं दिसलं. म्हणजे हजारात दरवर्षी पंधरा जणांचा झटका टळतो. स्टेंट असेल तर गोळी अचानक सोडणं फार धोक्याचं आहे, स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते. दात काढायचा असो की लग्नाला गावी जायचं असो, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. कापणीच्या दिवसांत गोळ्या संपल्या आणि आणायला वेळ झाला नाही, असं सांगणारे भेटतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

नानांसारख्यांवर २०१८ साली 'असेंड' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साखर असलेली, पण हृदयविकार नसलेली १५,४८० माणसं होती. सरासरी सात वर्षांहून जास्त काळात अ‍ॅस्पिरिनमुळे हजारी अकरा जणांचा झटका टळला, पण नऊ जणांना जास्तीचा मोठा रक्तस्राव झाला. जवळजवळ बरोबरीचा सौदा. त्याच वर्षीच्या 'अ‍ॅस्प्री' अभ्यासात बहुतेक सगळे सत्तरीपुढचे धडधाकट लोक होते. त्यांच्यात हृदयाला ठळक फायदा दिसलाच नाही, रक्तस्राव मात्र वाढला. म्हणून २०२२ पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाचा सल्ला असा आहे: साठीनंतर, आधी काही झालेलं नसेल, तर नव्याने सुरू करू नका. चाळीस ते एकोणसाठ वयात धोका जास्त असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा. अटॅक आला नाही, पण तपासणीत ब्लॉकेज सापडलंय, अशांचा निर्णयही हृदयाच्या डॉक्टरांनीच करायचा.

आपल्या केळीच्या पट्ट्यात मला एका गोष्टीची जास्त भीती वाटते. घड वाहून कंबर धरते, मग आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी आठवडेच्या आठवडे चालते. त्यात अ‍ॅस्पिरिन पडली की पोटातून रक्त जाण्याचा धोका आणखी वाढतो. आयबुप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनचं कामही अडवू शकते. डांबरासारखी काळी शौच झाली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळीवर आवरण आहे म्हणून पोट सुरक्षित, असंही समजू नका.

नानांना मी तंबाखूची पुडी टाकायला सांगितली, दर पंधरा दिवसांनी बीपी मोजायला बोलावलं, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगितलं. साखर असलेल्या त्यांच्या वयाच्या माणसाला ती गोळी अ‍ॅस्पिरिनपेक्षा जास्त कामाची ठरते. बीपी चढलेलं असताना अ‍ॅस्पिरिन घेतली तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

घरात पाकीट ठेवायला मात्र हरकत नाही. छाती दाबल्यासारखी दुखतेय, घाम फुटलाय, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जातेय, अशा वेळी १०८ ला फोन करून ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार गोळ्या, चावून खायला द्या. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा कुठे रक्तस्राव होत असेल तर देऊ नका. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घरी एकही गोळी देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्त सांडलंय, हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच सांगता येत नाही.